डोळ्यातलं इंजेक्शन आणि न सांगितलेली गोष्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागची पोस्ट चैत्रगौरीच्या आंबेडाळीवर होती आणि त्यानंतर मी एकदम गप्प झाले, म्हणून दोघातिघांनी फोन करून चौकशी केली. काळजी नसावी, तब्येत ठीक आहे. मधल्या काळात माझ्या उजव्या डोळ्यात पाच इंजेक्शनं झाली, एवढंच. हो, डोळ्यातच! हे वाचून ज्यांनी आपले डोळे गच्च मिटले असतील त्यांनी ते उघडावेत, कारण आजचं लिखाण सुईबद्दल थोडं आणि सुईच्या आधी रुग्णाला जे सांगायला हवं त्याबद्दल जास्त आहे.

आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. शाळेत होते तेव्हा आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, रागाच्या भरात वहीवर शेरा मारू नका, उद्या मारा." त्यांचं ऐकून तीन आठवडे थांबले. राग काही उतरला नाही. तेव्हा आता लिहितेच.

सुरुवात अशी झाली. शेजारची दुसरीतली चिमुरडी माझ्याकडे शुद्धलेखनाला येते. तिची दुरेघी वही बघत होते आणि मी म्हटलं, "अगं, ही कसली वही आणलीस? रेघा मधेच वाकड्या छापल्यात." ती म्हणाली, "आजी, सरळच तर आहेत." मी चष्मा पुसला. मग कसं कोण जाणे, डावा डोळा झाकून पाहिलं. उजव्या डोळ्याला रेघ मध्यभागी खचलेली दिसत होती, भिंतीला पोपडा आल्यावर दिसते तशी. उजवा झाकला की रेघ सरळ. एकावन्न सालचा जन्म, चौतीस वर्षं मुलांच्या रेघा सरळ करण्यात घालवली आणि आता माझीच रेघ वाकडी.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगा आहे, माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. त्यानं ओसीटी नावाची तपासणी केली. त्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर कापलेल्या केकसारखे दिसतात. निदान झालं : वयोमानानुसार होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, आणि त्यातला 'ओला' प्रकार. पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची चिमुकली जागा असते. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, हे सगळं तिच्या जिवावर चालतं. त्या जागेखाली नको असलेल्या नवीन रक्तवाहिन्या उगवतात, त्या कच्च्या असतात, झिरपतात, आणि पडदा फुगतो. म्हणून रेघ वाकडी. उपचार लवकर केले नाहीत तर तिथे कायमचा वण पडतो, मग काही करता येत नाही.

उपाय एकच, डोळ्यात इंजेक्शन. घरी हे कळल्यावर आमच्या गोतावळ्यानं काय काय सुचवलं ते लिहायला बसले तर स्वतंत्र पोस्ट होईल. मध, गुलाबपाणी, गाईचं तूप, गाजराचा रस, त्राटक. एका पुतण्यानं तर 'मागच्या पडद्यापर्यंत पोचणारे थेंब' अशी जाहिरात पाठवली. त्याच्यासाठी हे जरा उलगडून सांगते.

डोळा म्हणजे साधारण चोवीस मिलिमीटर व्यासाचा गोळा. पुढे पारपटल, मग बाहुली, मग भिंग, त्याच्यामागे सुमारे चार मिलिलिटर जेलीसारखा पारदर्शक पदार्थ, आणि सगळ्यात मागे पडदा. डोळ्यात टाकलेला थेंब आसवांबरोबर काही मिनिटांत वाहून जातो. जो काही थोडासा भाग आत शिरतो तो पुढच्या भागातच संपतो. गोळी घेतली किंवा शिरेतून औषध दिलं तरी पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या फारच थोड्या गोष्टींना त्या आत सोडतात. मेंदूला जसा पहारा असतो तसाच हा. त्यात ही औषधं म्हणजे प्रथिनांचे मोठाले रेणू. म्हणून सरळ त्या जेलीतच औषध सोडायचं. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, जिथे आत ना भिंग लागतं ना पडदा. औषध किती, तर ०.०५ मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. सुई केसासारखी बारीक. आधी बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडिननं डोळा धुणं, पापण्या उघड्या ठेवायला तारेची चाप, आणि "वर बघा आजी" म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. खरं सांगायचं तर मला सुईपेक्षा त्या आयोडिननं जास्त चुरचुरलं. दातांच्या डॉक्टरांकडे याहून जास्त ओरडले आहे मी.

तर सुईला घाबरू नका, एवढं सांगून मूळ मुद्द्याकडे येते.

डॉक्टरांनी तपासणी झाल्यावर एक कोरा कागद घेतला आणि त्यावर मराठीत तीन नावं लिहिली. प्रत्येकापुढे किंमत, किती आठवड्यांनी घ्यावं लागेल, आणि काय धोका. सगळ्यात वर होतं ते वीस हजारांच्या पुढचं. मधे होतं त्याच औषधाचं भारतात तयार झालेलं समरूप औषध, बरंच स्वस्त. आणि सगळ्यात खाली बेव्हॅसिझुमॅब, बाजारातलं जुनं नाव अव्हॅस्टिन, सगळ्या खर्चासकट पाच हजारांच्या आत. ते म्हणाले, "बाई, हे खालचं मुळात कॅन्सरचं औषध आहे. डोळ्यासाठी त्याचा परवाना नाही, पण जगभर वापरतात. तुमच्या डोळ्याला यानं सुरुवात करायला माझी हरकत नाही. गुण आला नाही तर बदलू. घरी जा, विचार करा, पण आठवड्याच्या वर थांबू नका."

मी तो कागद हातात धरून बसले आणि मला आमच्या वन्सं आठवल्या.

गोतावळ्यातल्या मंडळींना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. आज शहाऐंशीच्या आहेत. २०१७ साली त्यांना नेमकं हेच झालं होतं. एका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांना नेलं (नाव लिहीत नाही, त्यानं काही साधणार नाही). तिथे त्यांना एकच औषध सांगितलं, एकच किंमत सांगितली. वीस हजारांच्या वर, दर महिन्याला, किमान तीन, पुढचं पुढे. सही करायचा कागद इंग्रजीत होता, भाच्यानं वाचला आणि "इथे करा" म्हणून बोट ठेवलं. दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्या वेळी ठेव मोडावी लागणार होती. वन्सं म्हणाल्या, "आता ह्या वयात कशाला पोरांवर भार? एक डोळा आहे की." आणि थांबल्या. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, थोडी समजूत घालून पाहिली आणि गप्प बसलो. वर्षाच्या आत त्या डोळ्याचा मधला भाग गेला. पुढे दुसऱ्या डोळ्यात तेच सुरू झालं, तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. कशाला सांगतील? सांगून खर्चच वाढणार होता. आता त्यांना कडेकडेचं दिसतं. माणूस दारात उभं राहिलं की आवाजावरून ओळखतात. रोज पोथी वाचणारी बाई दुसऱ्याच्या तोंडून ऐकते, आणि वाचणारा एखादी ओवी गाळून पुढे गेला तर त्याला थांबवते, कारण पाठच आहे सगळं.

स्वस्त औषध दिलं असतं तर त्यांची नजर नक्की टिकली असती, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच म्हणता येत नाही. पण त्या पैशांपायी थांबल्या हे नक्की, आणि चार-पाच पटींनी स्वस्त पर्याय २०१७ साली उपलब्ध होता आणि तो त्यांना कुणी सांगितला नाही, हेही नक्की. माझा राग आहे तो ह्यावर.

आता हे स्वस्त औषध म्हणजे काही गल्लीतलं बनावट चूर्ण आहे का, ते पाहू. त्याची कहाणी मी भाच्याकडून समजून घेतली आणि चार दिवस वाचत बसले (डाव्या डोळ्यानं!).

रक्तवाहिन्या उगवायला लावणारं एक प्रथिन शरीरात असतं, व्हीईजीएफ म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या जेनेंटेक कंपनीतल्या नेपोलिओने फेरारा या शास्त्रज्ञानं १९८९ साली ते ओळखलं. त्या प्रथिनाला बांधून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब तिथेच तयार झालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत परवाना मिळाला. त्याच कुळातला एक लहान तुकडा खास डोळ्यासाठी तयार केला, तो रॅनिबिझुमॅब, व्यापारी नाव ल्युसेंटिस. त्याला परवाना मिळाला जून २००६ मध्ये. त्याचं कौतुक करायलाच हवं. त्याआधी ह्या आजारात नजर जाणं लांबवता यायचं, एवढंच. ल्युसेंटिसच्या चाचणीत मात्र वर्षभरानंतर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांची नजर बऱ्यापैकी टिकली आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांना तक्त्यावरची पंधरा किंवा जास्त अक्षरं अधिक वाचता येऊ लागली. विज्ञानानं म्हाताऱ्या माणसांना एवढं मोठं दान क्वचितच दिलं असेल.

पण २००५ साली, म्हणजे ल्युसेंटिस बाजारात यायच्या आधीच, मायामीच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेतल्या डॉ. फिलिप रोझनफेल्ड यांनी विचार केला की कॅन्सरचं भावंड औषध थेंबभर डोळ्यात सोडलं तर? आणि गुण आला. बातमी डॉक्टरांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. ल्युसेंटिस आलं तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका डोसची किंमत होती दोन हजार डॉलरच्या आसपास आणि अव्हॅस्टिनचा डोळ्यापुरता डोस मिळत होता सुमारे पन्नास डॉलरला. चाळीस पट!

एवढा फरक कसा, हे तोंडी हिशोबानं कळतं. कॅन्सरच्या साठ किलोच्या रुग्णाला किलोमागे पाच मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळी तीनशे मिलिग्रॅम लागतं. डोळ्याला लागतं सव्वा मिलिग्रॅम. म्हणजे दोनशे चाळिसावा हिस्सा. शंभर मिलिग्रॅमच्या एका कुपीतून अनेक डोळ्यांची सोय होते. आता मला सांगा, दोन्ही औषधं ज्या घरातली, त्या घराला स्वस्तातलं विकायची हौस असेल का? डोळ्यासाठी परवाना मागायला कंपनी कधी गेलीच नाही. २००७ साली तर तिनं कुपीतून छोटे डोस भरून देणाऱ्या फार्मसींना थेट पुरवठा बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी आरडाओरडा केला आणि डॉक्टरांना खरेदीची वाट मोकळी राहिली.

मग दोन्हींची तुलना करायची कुणी? कंपनीला त्यात रस नव्हता. शेवटी अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं लोकांच्या पैशातून ती केली. १२०८ रुग्ण घेतले, आणि २०११ मध्ये पहिल्या वर्षाचा निकाल आला : सारख्या अंतरानं दिली तर नजरेवर दोन्हींचा परिणाम सारखा. ब्रिटनमध्ये अशीच चाचणी झाली, तिचाही कौल साधारण तसाच. अमेरिकेच्या चाचणीत अव्हॅस्टिन घेतलेल्यांमध्ये इतर गंभीर तक्रारींचं प्रमाण थोडं जास्त दिसलं होतं, ते मी लपवणार नाही. पण २०१४ मध्ये कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा दोन्हींत तसा फरक असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ साली, जागतिक आरोग्य संघटनेनं बेव्हॅसिझुमॅबला डोळ्याच्या उपचारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं होतं.

कोर्टकचेऱ्याही झाल्या. इटलीत २०१४ साली स्पर्धा आयोगानं रॉश आणि नोव्हार्टिस ह्या दोन कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंच्या वर दंड केला. ठपका असा की दोघींनी संगनमतानं स्वस्त औषधाच्या धोक्याची भीती वाढवली. कंपन्यांनी तो आरोप नाकारला आणि वर लढल्या. जानेवारी २०१८ मध्ये युरोपियन न्यायालयानंही म्हटलं की असं संगनमत हा स्पर्धेत अडथळा ठरू शकतो. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बारा सरकारी आरोग्य गटांनी ठरवलं की रुग्णांना आम्ही आधी अव्हॅस्टिन सुचवू, सगळी माहिती देऊन. कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये हरल्या, २०२० मध्ये अपिलातही हरल्या.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू या. वादविवाद स्पर्धेत मी मुलांना नेहमी सांगायचे की प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घ्या.

भक्कम मुद्दा हा, की एका कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणात जरा कसूर झाली तर एका दिवशी अनेक डोळे जातात. हे खरं आहे. गुजरातमध्ये काही रुग्णांना असा त्रास झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी डोळ्यात अव्हॅस्टिन वापरण्याविरुद्ध इशारा काढला होता. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी पुराव्यानिशी बाजू मांडली आणि मार्चमध्ये तो उठला. पाकिस्तानी पंजाबात सप्टेंबर २०२३ मध्ये दूषित इंजेक्शनांमुळे कितीतरी लोकांची दृष्टी गेली. तेव्हा डोस कुठे भरला, कुणी भरला, हे विचारायलाच हवं, आणि जिथे धड उत्तर मिळत नाही तिथून उठून यावं. पण नळाला गढूळ पाणी आलं तर आपण टाकी धुवा म्हणतो, लोकांनी बाटलीबंद पाणीच प्यावं असं म्हणत नाही ना? आणि जंतुसंसर्गाचा धोका महागड्या इंजेक्शनलाही असतो. दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादा, असं प्रमाण धरतात. कुठलंही इंजेक्शन घेतल्यावर डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर धुरकटली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पळायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

दुसरा मुद्दा, की प्रत्येक डोळा सारखा नसतो. हेही खरं. मधुमेहामुळे पडद्याला सूज येते तेव्हाही हीच इंजेक्शनं देतात. त्यात नजर आधीच जास्त उतरलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट नावाचं महाग औषध सरस ठरलं, असं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण २०२२ मध्ये त्याच मंडळींनी आणखी एक चाचणी केली : आधी स्वस्त द्यायचं, पुरेसा गुण आला नाही तरच महागावर जायचं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या नजरेत लक्षणीय फरक नव्हता. शिवाय नवीन महाग औषधांत दोन सुयांमधलं अंतर वाढतं, हा फायदा आहेच. ज्याला लांबून एसटीनं यावं लागतं, बरोबर येणाऱ्याची रोजंदारी बुडते, त्याला कदाचित तेच परवडेल! म्हणजे महाग औषध घेणं चूक, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ठरवायला माहिती लागते, आणि ती रुग्णाच्या हातात द्या, एवढंच म्हणणं आहे.

तिसरा मुद्दा मात्र ऐकून माझं डोकं फिरतं. "आजी, इतके पर्याय सांगितले की पेशंट गोंधळतात." अहो, मी पंचावन्न पोरांच्या वर्गाला समास शिकवलेत. शिकवणारा गोंधळलेला नसेल तर ऐकणारा गोंधळत नाही. भाजी घेताना मेथीच्या दोन जुड्या पारखून घेणारी बाई दोन औषधांतला फरक समजू शकत नाही? तिला तिच्या भाषेत सांगून तर पाहा.

आणि चौथा मुद्दा घरचा आहे. "डॉक्टरांना असं विचारलं तर त्यांना राग येतो," "महाग तेच चांगलं असणार," "आईच्या डोळ्यात काटकसर कशाला?" पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या भाचेमंडळींनो, तुमचं प्रेम मला कळतं. पण महागड्या दोन इंजेक्शनांनंतर थांबण्यापेक्षा परवडणारी दहा घेणं डोळ्याच्या हिताचं आहे. हा आजार रक्तदाबासारखा आहे, एकदा औषध घेऊन संपत नाही. आणि आईवडील थांबतात तेव्हा 'पैसे संपले' असं सांगत नाहीत. 'आता बरं आहे मला' असं सांगतात. वन्सं तसंच म्हणाल्या होत्या.

विचारण्याचा अधिकार काही उपकाराचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलंय की संमती घेताना डॉक्टरांनी उपचाराचं स्वरूप, धोके, आणि दुसरे पर्याय असतील तर तेही सांगायला हवेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात दरांची माहिती मिळणं आणि औषध कुठून घ्यावं हे निवडणं हे हक्क आहेत. इंग्रजी कागदावर मराठी अंगठा घेतला तर त्याला संमती म्हणायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या शाळेत सहलीचं संमतीपत्रसुद्धा आम्ही पालकांना वाचून दाखवत होतो.

विम्याचंही थोडक्यात सांगते. मला आधी उत्तर मिळालं की तुम्ही चोवीस तास दवाखान्यात राहिला नाहीत, दावा बसत नाही. विमा नियामक प्राधिकरणानं सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या आधुनिक उपचारांना कंपन्यांनी वगळू नये म्हटलंय, त्या यादीत डोळ्यातल्या इंजेक्शनांचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. त्या सूचनांनुसार मर्यादा घालता येत होती, साफ नाही म्हणता येत नव्हतं. ते परिपत्रक जोडून पत्र लिहिलं (मराठीतच), आणि काही रक्कम मिळाली. तुमची पॉलिसी काढा आणि ती यादी शोधा. नसेल तर भांडा.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्यात एक पानभर मराठी कागद असावा. डोळ्याला काय झालंय, कोणकोणती औषधं चालतील, प्रत्येकाची किंमत, किती वेळा घ्यावं लागेल, त्याला डोळ्यासाठी परवाना आहे की नाही, डोस कुठे भरला जातो, आणि मधेच थांबलं तर काय होईल. शेवटचं तर ठळक अक्षरांत, म्हणजे आमच्यासारख्यांना दिसेल असं. साताऱ्याच्या त्या मुलानं हे कोऱ्या कागदावर पाच मिनिटांत केलं. मोठमोठ्या काचेच्या इमारतींना का जमू नये?

मी खालचं औषध घेतलं. पाच इंजेक्शनांनंतर दुरेघी वहीची रेघ बरीचशी सरळ झाली आहे, मधे थोडी खोच राहिली आहे तेवढी. डॉक्टर म्हणतात ती राहील कदाचित. चालेल मला. आणि एक करा, आजच करा : चष्मा लावून, एक डोळा झाकून, दाराच्या चौकटीकडे किंवा कॅलेंडरच्या चौकोनांकडे पाहा. मग दुसरा झाकून पाहा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकून नेतो.

एक गोष्ट राहिली. हे सगळं मी वन्संना अजून सांगितलेलं नाही. तीन आठवडे राग धरून बसले असं वर लिहिलं, त्यातला अर्धा वेळ खरं तर ह्यातच गेला. आता सांगून काय उपयोग, त्यांना उगाच चुटपुट लागेल, असं मनाशी म्हणत होते. आणि मग लक्षात आलं की त्या रुग्णालयातल्या लोकांनीही असंच काहीतरी म्हटलं असेल. म्हातारी बाई, सांगून काय उपयोग. त्यांच्या वतीनं ठरवून टाकायचा अधिकार त्यांना नव्हता, तसा मलाही नाही. आणि २०१७ साली नीट चौकशी न करता गप्प बसणाऱ्यांत मीही होते, तेही त्यांच्यासमोर कबूल करायचं आहे.

तेव्हा गोतावळ्यातल्या मंडळींना हात जोडून विनंती, हे कुणी त्यांना फोनवर वाचून दाखवू नका. रविवारच्या एसटीनं मी जाते आहे. मीच सांगेन.

बाकी सर्वांनी आपापले अनुभव जरूर लिहा. अक्षर मोठं केलंय स्क्रीनवर, वाचता येतं मला.